परीक्षेला ओलीस धरणारा संप

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या संपाचा इशारा ही महाराष्ट्राच्या शैक्षणिक दिनदर्शिकेतील जवळजवळ ठरलेली तिथी होऊन बसली आहे. मागण्यांचे निवेदन, मग काळ्या फिती, मग एक दिवसाचे धरणे, मग मंत्रालयातील निष्फळ बैठक आणि शेवटी बेमुदत कामबंद अथवा परीक्षेवर बहिष्कार, हा क्रम आता पाठ झाला आहे. इशारा मिळाला की मंत्री 'सकारात्मक' होतात, सचिव 'तपासून पाहतो' म्हणतात, संघटना 'लढा तीव्र' करतात. या तिघांच्या पत्रकांत ज्याचा नुसता उल्लेख असतो, पण ज्याची बाजू मांडायला बैठकीत कोणी बसलेले नसते, तो विद्यार्थी मात्र अकोले-राजूरच्या डोंगरात वा जामखेड-पाथर्डीच्या माळरानावर एस. टी. थांब्यावर उभा राहून आज तास होणार की नाही, याचा अंदाज घेत असतो.

प्राध्यापकांच्या मागण्या खोट्या असतात, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. बहुतेक वेळा त्या न्याय्य असतात आणि त्या थकवण्यात शासनाचा कोडगेपणा असतो. परंतु न्याय्य मागणीसाठी अन्याय्य शस्त्र उचलले की मागणीचीही धार बोथट होते. परीक्षा आणि उत्तरपत्रिका तपासणी यांवरचा बहिष्कार हे असे शस्त्र आहे. त्याचा घाव सरकारला लागत नाही, संस्थाचालकालाही लागत नाही. तो लागतो फक्त विद्यार्थ्याला.

गिरणी बंद पडली तर मालकाचे उत्पादन बुडते, म्हणून मालक वाटाघाटीला येतो. संपाचे सारे तर्कशास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. महाविद्यालय बंद पडले तर शासनाचे काय बुडते? वित्त विभागाचा एक रुपयाही बुडत नाही, उलट 'काम नाही तर वेतन नाही' म्हणून काही दिवसांचे पैसे वाचतातच. मग शासन वाटाघाटीला येते ते कशामुळे? विद्यार्थी आणि पालक रडकुंडीला आले, वृत्तपत्रांतून ओरड झाली, न्यायालयाने विचारणा केली, म्हणून. याचा सरळ अर्थ असा की विद्यार्थ्याचे हाल हे या संपाचे उपफळ नसून त्याचे साधन आहे. हाल जितके अधिक, तितका संप यशस्वी! ओलीस धरणे याहून वेगळे काय असते?

मागील दीड दशकाचा हिशेब मांडू. जुलै-ऑगस्ट २००९ मध्ये सहाव्या वेतन आयोगासाठी 'एमफुक्टो' या प्राध्यापक महासंघाने राज्यभर संप केला. महाविद्यालये नुकतीच उघडली होती. शासनाने १२ ऑगस्ट २००९ रोजी वेतनश्रेणीचा निर्णय काढला. त्या वेळी पुणे विद्यापीठाच्या कला आणि वाणिज्य शाखांना वार्षिक परीक्षापद्धती होती, त्यामुळे पावसाळ्यात बुडालेले तास दिवाळीनंतर भरून काढायला निदान वाव तरी होता. सप्टेंबर २०१८ च्या २५ तारखेपासून पुन्हा बेमुदत कामबंद झाले. या वेळी रिक्त जागा आणि कंत्राटी नेमणुका हे प्रश्न अग्रभागी होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांनी बारावीच्या पहिल्या पेपराच्या दिवसापासून, म्हणजे २१ तारखेपासून, उत्तरपत्रिका तपासणीवर बहिष्कार घातला आणि तो २ मार्चला मागे घेतला. तो सुटला न सुटला तोच १४ मार्चला जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो २० मार्चपर्यंत चालला आणि त्यात शिक्षकही होते. बारावीचे विद्यार्थी तेव्हा परीक्षेला बसलेले होते.

परंतु या सर्वांत अधिक बोलावे असे वर्ष म्हणजे २०१३.

त्या वर्षी ४ फेब्रुवारीपासून १० मेपर्यंत एमफुक्टोचा परीक्षा-बहिष्कार चालला. मागण्या दोन होत्या. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी ही पहिली. १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१० या काळातील वाढीव खर्चाचा ८० टक्के भार केंद्र उचलणार होते. केंद्र म्हणे आधी राज्याने द्यावे, राज्य म्हणे आधी केंद्राने पाठवावे, आणि दिल्ली-मुंबईत दोन्हीकडे एकाच आघाडीची सत्ता असताना हा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला होता. दुसरी मागणी नेट-सेट नसलेल्या प्राध्यापकांची. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९ सप्टेंबर १९९१ रोजी ही पात्रता सक्तीची केली. त्यानंतर ३ एप्रिल २००० पर्यंत राज्यातील महाविद्यालयांनी ही पात्रता नसलेल्यांच्या नेमणुका केल्या, विद्यापीठांनी त्यांना मान्यता दिली, शासनाने त्यांना वेतन दिले, आणि मग त्याच शासनाने त्यांच्या सेवेचे लाभ अडवून धरले. नेमणूक करणारे, मान्यता देणारे आणि पगार काढणारे सारे निर्दोष. दोषी ठरला तो वर्गात शिकवणारा. त्याचा संताप समजण्यासारखा होता.

त्या संतापाची किंमत मात्र कोणी चुकवली, हे नगर जिल्ह्याने पाहिले आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. जुन्या सवयीने अजून 'नगर' असेच तोंडी येते.) २०१२-१३ हे साल १९७२ ची आठवण करून देणाऱ्या दुष्काळाचे होते. जिल्ह्याच्या दक्षिण भागात, म्हणजे जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर, श्रीगोंदे या तालुक्यांत, टँकर येईल तेव्हा पाणी आणि छावणीत बांधलेले जनावर ही त्या उन्हाळ्यातील नित्याची चित्रे होती. अनेक घरांतील कर्ते माणूस छावणीत जनावरांपाशी मुक्कामाला असे आणि घरी म्हातारी माणसे टँकरच्या रांगेत उभी असत. पाथर्डी-शेवगाव-जामखेड पट्ट्यातील ऊसतोड कुटुंबे कारखान्यांवरून परतली होती, ती उचल फेडून रिकाम्या हातांनी. अशा घरातील मुलगा वा मुलगी तालुक्याच्या किंवा नगरच्या महाविद्यालयात शिकत असेल तर त्या घराची सारी आशा एका गोष्टीवर होती : मे महिन्यात परीक्षा संपावी, जूनमध्ये निकाल लागावा आणि पोर कुठेतरी कामाला लागावे. त्या आशेवर फेब्रुवारीतच बहिष्काराची नोटीस लागली. राज्यात परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या, तपासणी खोळंबली. खोलीचे भाडे, खाणावळीचे पैसे, एस. टी.चा पास या साऱ्यांचा खर्च मात्र कोणी पुढे ढकलला नाही. दुष्काळग्रस्ताला परीक्षा शुल्काची माफी देणारे शासन आणि परीक्षाच न घेणारे प्राध्यापक अशी ती विलक्षण सांगड होती. त्याच एप्रिलमध्ये लोकसेवा आयोगाच्या संगणकातील उमेदवारांची माहिती नष्ट झाल्याने राज्यसेवेची पूर्वपरीक्षाही ऐनवेळी मे महिन्यावर गेली, म्हणजे ग्रामीण तरुणाची दोन्हीकडून कोंडी झाली.

शेवटी प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि बहिष्कार संपला. नेट-सेटविषयीचा शासन निर्णय २७ जून २०१३ रोजी निघाला, तोही मूळ नेमणुकीच्या तारखेपासून नव्हे तर निर्णयाच्या तारखेपासून लाभ देणारा. बहिष्काराच्या ७१ दिवसांचे वेतन शासनाने रोखले. त्या वेतनाची मागणी पुढे २०१८ च्या मागणीपत्रातही होती. म्हणजे एका संपातून पुढच्या संपाचे कारण जन्माला आले. विद्यार्थ्यांच्या ७१ दिवसांची मागणी मात्र आजवर कोणत्याच मागणीपत्रात आलेली नाही.

आज असा संप पुन्हा झाला तर त्याचा आघात २०१३ पेक्षा खोल जाईल, याचे कारण शिक्षणपद्धती बदलली आहे. पुणे विद्यापीठाच्या सर्व शाखा आता सत्रपद्धतीत आहेत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली आहे. एका सत्रात अध्यापनाचे साधारण ९० दिवस. त्यातून प्रवेशाचा घोळ, सण, युवक महोत्सव आणि निवडणुकीची कामे वजा जाता प्रत्यक्ष शिकवण्याला किती उरतात, हे वर्गात बसणाऱ्याला ठाऊक आहे. त्यात तीन आठवड्यांचा संप म्हणजे सत्राचा मोठा लचकाच. शिवाय अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प, प्रात्यक्षिके, श्रेयांक हे सारे प्राध्यापकाच्या हातून वर्षभर होणारे काम. पूर्वी प्राध्यापक नसला तर पोरगा 'गाईड' वाचून मार्चची परीक्षा देत असे. आता ती पळवाटही उरली नाही. एका सत्राचा निकाल अडकला की शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो, पुढील प्रवेश अडकतो, आणि ज्या भरतीला पदवीची गुणपत्रिका लागते तिची शेवटची तारीख काही संपकऱ्यांची वाट पाहत नाही.

हा आघात सर्वांवर सारखा होत नाही. पुण्यातील विद्यार्थ्याला खासगी शिकवणी आहे, ग्रंथालये आहेत, अभ्यासिका आहेत. नगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा जिल्हा. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यातील मुलाला राजूरचे महाविद्यालय हाच शिक्षणाचा एकमेव दरवाजा. तो बंद झाला तर दुसरा ठोठावायला तो जाणार कुठे? ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस. टी.चा संप चालला, तेव्हा खेड्यातील किती मुली महाविद्यालयात येण्याच्या थांबल्या आणि पुन्हा आल्याच नाहीत, हे त्या त्या गावात विचारावे. मुलीच्या बाबतीत तर रिकामा महिना हा फार धोक्याचा महिना असतो. कॉलेज बंद आहे, निकाल कधी लागेल सांगता येत नाही, आणि नेमके तेव्हाच 'स्थळ चांगले आहे' असा निरोप येतो. बाप कसायाच्या मनाचा असतो असे नाही. तो दुष्काळाच्या आणि हुंड्याच्या हिशेबात अडकलेला असतो. मुलीला घरात थोपवून धरणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे उद्याचा तास. तोच तास संपाने काढून घेतला.

आता शासनाकडे वळू, कारण या रोगाचे मूळ तेथेच आहे. शासन महाविद्यालयांत वर्षानुवर्षे एक मूक संप चालवीत आहे. प्राध्यापक निवृत्त होतो, जागा रिकामी राहते. २०१७ मध्ये भरतीवर बंदी आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये, कामबंदीनंतर, ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला परवानगी मिळाली. तीन वर्षांनी पाहिले तर त्यांतील २,०८८ जागा अजून भरायच्याच होत्या, म्हणून २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी द्यावी लागली. दरम्यान तास घ्यायला कोणीतरी हवे, म्हणून 'तासिका तत्त्व' नावाची वेठबिगारी उभी राहिली. नेट झालेला, पीएच. डी. झालेला, पस्तिशी ओलांडलेला तरुण घड्याळी तासावर शिकवतो. आठवड्याला मोजके तास, सुट्टीत वेतन नाही, सत्र संपले की नेमणूक संपली, आणि झालेल्या तासांचे पैसे महिनोन्‌महिने उशिरा. या माणसाला संपही परवडत नाही. संप पुकारला जातो तेव्हा कायम प्राध्यापक घरी बसतो, त्याचे वेतन आज ना उद्या निघते. तासिकेवाल्याचा बुडालेला तास कायमचा बुडतो. प्राध्यापक संघटनांच्या मागणीपत्रात याचे नाव असते हे खरे, पण कितव्या क्रमांकावर असते, ते वाचकांनीच पाहावे.

आणि संस्थाचालक? आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्याचा अध्यक्ष, शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष आणि विधानसभेतील आमदार ही तीन पदे पुष्कळदा एकाच घरात नांदतात. संपाच्या काळात हे घर मौन पाळते. विधिमंडळात ते शासन असते, संस्थेत ते मालक असते, मतदारसंघात ते पालकांचे कैवारी असते! नेमणुकीच्या वेळी लाखांचे आकडे उमेदवाराच्या कानात सांगितले जातात, हे उघड गुपित आहे. एवढी रक्कम मोजून आलेल्या माणसाकडून सेवाभावाची अपेक्षा करणारे आपण कोण, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला उत्तर देणे अवघड आहे. ही देवाणघेवाण थांबावी म्हणून मात्र आजवर एकही परीक्षा-बहिष्कार झालेला नाही. का बरे?

प्रश्न आहे तो उपायाचा. कायदा काय सांगतो? तामिळनाडूतील लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या बडतर्फीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००३ मध्ये स्पष्ट केले की शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत अधिकार नाही. या निकालाचा हवाला शासकीय अधिकारी नेहमी देतात. परंतु त्याच न्यायालयाचा गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणातील १९८८ चा निकाल ते सांगत नाहीत. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नाही, असे त्या निकालाने ठरवले. निकालामागील भावना उदात्त होती, कारण शिक्षणाचे काम कारखान्यातील कामासारखे मोजता येत नाही. पण परिणाम असा झाला की कामगाराला समेट अधिकारी आहे, लवाद आहे, कामगार न्यायालय आहे. शिक्षकाला सामूहिक गाऱ्हाणे मांडायला यांपैकी काहीच नाही. विद्यापीठ कायद्याखालील न्यायाधिकरण आहे, परंतु ते बडतर्फी, पदावनती अशा एकेकट्याच्या तक्रारींसाठी. वेतन आयोगाची थकबाकी शासनाने सात वर्षे दिली नाही तर जायचे कोठे? एक तर उच्च न्यायालयात, नाही तर रस्त्यावर. शासनाने सगळे दरवाजे बंद ठेवले आणि मग खिडकी फोडली म्हणून आरडाओरड केली, असा हा प्रकार आहे. तरीही फोडलेली खिडकी शासनाच्या घराची नव्हती, शेजारच्या गरीब पोराच्या झोपडीची होती, एवढे संघटनांनी ध्यानात घ्यावे.

डाव्या विचारांच्या मंडळींना हे पटणार नाही. त्यांच्या लेखी शाळा-महाविद्यालय हीसुद्धा एक गिरणी आहे आणि तेथेही दोनच वर्ग आहेत. विद्यार्थी यांत कोठे बसतो, याचे उत्तर त्यांच्या पोथीत नाही, म्हणून तो 'व्यापक लढ्यातील सहप्रवासी' ठरवला जातो. या विचाराला पर्याय आपल्याकडे १९४९ पासून उभा आहे. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने प्राध्यापक आणि विद्यार्थी यांना एकाच संघटनेत आणले, शैक्षिक परिवाराची कल्पना मांडली आणि प्रा. यशवंतराव केळकरांसारख्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने आयुष्य देऊन ती रुजवली. दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ स्थापन केला तो कामगाराने हक्क सोडावेत म्हणून नव्हे. देशाच्या हिताचे काम करू आणि कामाचा पूर्ण मोबदला घेऊ, या घोषणेतील दोन्ही अंगे सारख्याच वजनाची आहेत. मजदूर संघाने संप केले, कडवे संप केले, पण १९६२ च्या चिनी आक्रमणात आंदोलने स्थगितही केली. काय केव्हा थांबवावे, हे ज्याला कळते त्याच्या हातातच आंदोलन शोभते.

पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांना महिन्याला ७५ रुपये मिळत. तेथेही मिळकतीवरून तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडले. आजच्या प्राध्यापकाने ७५ रुपयांत राहावे, असा भाबडा उपदेश आम्ही करणार नाही. त्यागाचे धडे नेहमी दुसऱ्याला देणे फार सोपे असते, आणि ते देणाऱ्यांत पगार वेळेवर घेणारेच अधिक असतात. असो.

व्यवहाराचे बोलू. शासनाने उच्च शिक्षणासाठी बंधनकारक लवादाची स्थायी व्यवस्था कायद्याने करावी. संघटनेची सामूहिक मागणी आली की ठरावीक मुदतीत सुनावणी, ठरावीक मुदतीत निवाडा, आणि तो वित्त विभागावरही बंधनकारक. याच्या बदल्यात परीक्षा, मूल्यमापन आणि निकाल हे क्षेत्र संघटनांनी संपातून स्वखुशीने वगळावे. धरणे धरा, मोर्चे काढा, मंत्रालयावर बसा, प्रशासकीय समित्यांचे राजीनामे द्या, संस्थाचालकाच्या वाड्यासमोर उपोषण करा. पेपर मात्र होऊ द्या आणि तपासून द्या. बुडालेल्या प्रत्येक तासाची भरपाई झाल्याशिवाय संपकाळाचे वेतन नाही आणि भरपाई झाल्यावर ते एक दिवसही अडवायचे नाही, असा सरळ नियम असला तर ७१ दिवसांसारखी भांडणे वर्षानुवर्षे लोंबकळणार नाहीत.

हे शासन आपल्या विचारांचे आहे, म्हणून अपेक्षा अधिक आहे आणि बोलायचे ते स्पष्ट आहे. चंद्रकांतदादा पाटील यांच्याकडे २०२२ मध्ये आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उच्च शिक्षण खाते आले. ते विद्यार्थी परिषदेचे दीर्घकाळ पूर्णवेळ कार्यकर्ते होते. शैक्षिक परिवार म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको. आघाडीच्या काळात थकबाकीवरून जी टोलवाटोलवी आपण टीकेचा विषय केली, तीच वित्त विभागातील अधिकारी आज रिक्त पदांच्या बाबतीत करू लागले तर टीकेची भाषा बदलण्याचे कारण नाही.

अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक त्यांच्या जन्मगावी, जामखेड तालुक्यातील चौंडीत झाली. त्या थोर राज्यकर्तीच्या दरबारात रयतेचे गाऱ्हाणे थेट ऐकले जाई. त्या बैठकीच्या मंडपापासून जामखेडचे महाविद्यालय फार दूर नाही. पुढील संपाची नोटीस मंत्रालयात पोहोचण्याआधी खात्याच्या सचिवांनी एकदा तेथे जावे, किती विषयांना कायम प्राध्यापक आहेत आणि किती तासिका तत्त्वावर चालतात ते मोजावे, आणि वर्गात बसलेल्या मुलांना त्यांचा मागील सत्राचा निकाल किती तारखेला लागला ते विचारावे. एमफुक्टोच्या पदाधिकाऱ्यांनीही त्याच गाडीत बसून जावे. दोघांना एकत्र बसण्याची सवय नाही, पण रस्ता लांबचा आहे, बोलायला वेळ मिळेल.